मालकी हक्क व खरेदीखत (महाराष्ट्र)

स्थावर मिळकत कोणाच्या मालकीची आहे, हा हक्काचा प्रश्न असतो. ती त्याच्याकडे कशी आली, याचा पुरावा म्हणजे दस्त. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र हे सगळे दस्त होत. व्यवहार ठरवताना ‘कागद क्लिअर आहेत’ असे एजंट सहज सांगतो. पण अमुक मिळकत अमुक माणसाचीच, अशी सरकारने हमी दिलेला एकही कागद महाराष्ट्रात मिळत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी सुरू केलेल्या पद्धतीत सरकार हक्काचीच नोंद करते आणि तिची जबाबदारी घेते. आपल्याकडे नोंद होते ती दस्ताची. त्यामुळे इथला मालकी हक्क गृहीत धरलेला असतो आणि तो न्यायालयात खोडून काढता येतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. ही शंभर रुपयांची मर्यादा अजूनही तीच असल्याने व्यवहारात प्रत्येक विक्रीची नोंदणी करावी लागते. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकापुढे, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्यापुढे, सादर करायचा असतो. नोंदणीनंतर त्याचा गोषवारा सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे बोलीतल्या ‘इंडेक्स टू’मध्ये, चढतो. विसार देऊन केलेले साठेखत हा पुढे विक्री करण्याचा करार असतो. त्याने खरेदीदाराला मिळकतीत हक्क मिळत नाही, तर विक्री पुरी करून मागण्याचा अधिकार मिळतो. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा दुसऱ्याला दिलेला अधिकार) एवढ्यावर जागा ‘विकत’ घेण्याची चाल बरीच रूढ होती. अशा कागदांनी मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले.

दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, ओळख आणि कबुली तपासतो. विकणारा खरोखर मालक आहे का, याचा निवाडा करणे त्याचे काम नाही. म्हणजे दस्त नोंदला गेला तरी मालकीबद्दल निश्चिंत होता येत नाही. विकणाऱ्याकडे जितका हक्क होता तितकाच घेणाऱ्याकडे येतो.

सर्वाधिक गैरसमज आहे तो सातबाऱ्याबद्दल. गाव नमुना ७ हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना १२ ही पीकपाण्याची नोंदवही. दोन्ही मिळून सातबारा उतारा होतो. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली आला. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू आहे. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण ही नोंद मुळात सारा कोणाकडून वसूल करायचा यासाठी आहे, आणि फेरफाराने, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलण्याच्या नोंदीने, मालकी निर्माण होत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

समजा, एकाने जानेवारीत नोंदणीकृत खरेदीखताने शेत विकले. घेणाऱ्याचा फेरफार काही कारणाने झाला नाही आणि सातबाऱ्यावर जुनेच नाव राहिले. त्या बळावर विकणाऱ्याने डिसेंबरात तेच शेत दुसऱ्याला विकले आणि या दुसऱ्याचे नाव मात्र सातबाऱ्यावर लागले. तरीही मालक पहिलाच खरेदीदार, कारण विकणाऱ्याकडे डिसेंबरात देण्यासारखे काही उरलेच नव्हते. ‘मला माहीत नव्हते’ हा दुसऱ्याचा बचावही लंगडा पडतो. नोंदणीकृत दस्ताची माहिती सर्वांना आहे असे कायदा धरून चालतो.

म्हणून सातबारा नाव बघून खाली ठेवायचा कागद नाही, तो वाचावा लागतो. कंस केलेले नाव म्हणजे त्या माणसाचा हक्क त्या नोंदीपुरता संपलेला. नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे. जमीन त्याच्या एकट्याची नाही, आणि भावाबहिणींना विचारल्याशिवाय पुढे जाणे धोक्याचे. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या वा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा अशा नोंदी सापडतात. व्यवहार बहुधा याच रकान्यात अडकतो. नावाशेजारचे फेरफार क्रमांक धरून गाव नमुना ६ मधल्या नोंदी मागे मागे काढत गेले, की वारस, वाटप, विक्री यांची साखळी उलगडते.

वकिलाचा ‘सर्च’ म्हणजे हीच साखळी सूची दोनशी ताडून पाहणे. तो सहसा ३० वर्षांचा काढतात. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्यात तेवढीच मुदत आहे. जोडीला वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतात. एवढे करूनही न नोंदलेले मृत्युपत्र किंवा तोंडी वाटप सर्चमध्ये दिसत नाही. ताब्यात कोण आहे, हे जागेवर जाऊन पाहण्याला त्यामुळेच पर्याय नाही.

काही हक्क पुरे असूनही विकता येत नाहीत. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीला बहुतेक वेळा सक्षम अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. त्यात इनाम-वतनाच्या आणि सरकारने दिलेल्या बऱ्याच जमिनी येतात. १९४८ च्या कुळ कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मुलींच्या हिश्श्याचा मुद्दा तर प्रत्येक वडिलोपार्जित जमिनीत येतो: महाराष्ट्राने १९९४ साली, आणि देशाने २००५ साली, हिंदू कुटुंबातील मुलींना सहदायिक, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने वाटेकरी, केले. बहिणींचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे की नुसत्या तलाठ्यापुढच्या जबाबावर त्यांची नावे कमी केली आहेत, हे पाहावेच.

शहरात नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिका घेते. सदनिकेत आणखी एक पेच असतो. घेणाऱ्याच्या नावावर करारनामा आणि सोसायटीचा भाग दाखला असतो, पण इमारतीखालची जमीन अनेकदा मूळ मालकाच्या वा बिल्डरच्या नावावर तशीच राहते. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्यानुसार बिल्डरने अभिहस्तांतरण करून द्यायला हवे, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी दस्ताने सोसायटीच्या नावे करायला हवी. तो टाळत असेल तर सोसायटीला जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय होणारे हस्तांतरण, मागता येते. जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला की या कागदाची आठवण होते. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याने मात्र एक चांगली सोय केली आहे: जमिनीच्या सदोष हक्कामुळे ग्राहकाचे नुकसान झाले, तर भरपाईच्या दाव्याला मुदतीची आडकाठी नाही.

गोव्यात सातबाऱ्याऐवजी नमुना १ व १४ चालतो, आणि जुन्या मिळकतींसाठी पोर्तुगीज काळातल्या भूनोंदणीची दप्तरे चाळावी लागतात. तिथल्या नागरी कायद्यात विवाहानंतर पती-पत्नीची मालमत्ता, वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर, सामायिक होते. त्यामुळे उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी विक्रीच्या दस्तावर बायकोची सही घ्यावी लागते.