प्रेरित दुग्धनिर्मिती

गर्भारपण आणि बाळंतपण न होता स्तनांत दूध आणण्याची प्रक्रिया. दत्तक घेणारी किंवा सरोगसीतून मूल झालेली आई ही वाट धरते. एकदा आटलेले दूध परत आणणे ही वेगळी गोष्ट. ती सहसा सोपी जाते.

बाळंतिणीच्या स्तनांची तयारी पोटुशी असतानाच होते. इस्ट्रोजेन या संप्रेरकाने दुग्धनलिका वाढतात, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाने दूध बनवणाऱ्या पुटिका. दूध बनवायला लावणारे संप्रेरक प्रोलॅक्टिनही चढलेले असते, पण प्रोजेस्टेरॉन दूध रोखून धरते. वार पडली की ते झपाट्याने उतरते आणि 2 ते 4 दिवसांत पान्हा दाटतो. इथे वारच नसते. म्हणून हाताशी काही महिने असतील तर डॉक्टर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देतात आणि बाळ येण्याच्या सुमारे 6 आठवडे आधी थांबवतात: वार पडल्याची ही नक्कल. तिथून इलेक्ट्रिक पंप, दोन्ही बाजूंना एकदम, दिवसातून 8 वेळा तरी, रात्रीची एक खेप धरून, कारण प्रोलॅक्टिन रात्री जास्त असते. सुरुवातीला बाटलीच्या तळाशी थेंबच दिसतात. अनेकींचा धीर इथेच सुटतो. पंपाचे फनेल लहान पडले तर स्तनाग्र कडेला घासते, आणि दुखू लागले की पान्हा आखडतो.

रक्तात गुठळीचा इतिहास किंवा उच्च रक्तदाब असेल तर या गोळ्या चालत नाहीत. प्रोलॅक्टिन वाढवण्यासाठी डॉम्पेरिडोनही वापरतात. त्याने हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2004 साली या वापराविरुद्ध इशारा दिला. हे औषध मनाने घेण्याचे नव्हे.

प्रेरित दूध पक्व दुधासारखे असते. बाळंतिणीला पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक इथे सहसा येत नाही. खरा फरक प्रमाणाचा. महिन्याभरानंतर बाळाला दिवसाला साधारण 750 मिली दूध लागते आणि तेवढे क्वचितच येते. उरलेले वरचे दूध बारीक नळीने द्यावे: नळीचे एक टोक बाटलीत, दुसरे चिकटपट्टीने स्तनाग्रालगत. बाळ चोखते तेव्हा पोटही भरते आणि स्तनाला चालनाही मिळते. बाटलीच्या भरधाव धारेची सवय लागलेले बाळ मात्र स्तन धरायला कुरकुरते. बाळ जास्त ओढेल या आशेने वरचे दूध तोडणे ही नेहमीची चूक. आधी वजन वाढतेय का आणि दिवसाला 6 लंगोट ओले होतात का हे पाहावे, मगच थोडे थोडे कमी करावे.

अंगावर पाजताना पाळी लांबते, हा बाळंतिणीचा हिशेब इथे गर्भनिरोधनासाठी धरू नये.