‘ऐकणे’ या शब्दामागचं

इंदूरमधल्या आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत रविवारची उपासना हिंदीत आणि रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मराठीत होते. त्या प्रार्थनेत ‘देवाची वाणी ऐकत राहा’ हे सारखं कानी पडतं. तरुण मुलं विचारतात, ऐकू येते तरी कशी?

मराठीत ‘पोरगा ऐकत नाही’ म्हटलं की त्याला कानांच्या डॉक्टरकडे कोणी नेत नाही. हिब्रूतल्या ‘शमा’चंही तसंच, त्यात ऐकणं आणि मानणं दोन्ही येतं. ‘हे इस्राएला, श्रवण कर’ (अनुवाद 6:4) इथे हेच क्रियापद आहे. यज्ञापेक्षा आज्ञा मानणं बरं, असं शमुवेल संदेष्ट्यानं शौल राजाला सुनावलं (1 शमुवेल 15:22), तिथेही तेच.

त्याच शमुवेलाचं बालपण पाहा. शिलो इथल्या मंदिरात रात्री देवाची हाक आली आणि ती एली याजकाचीच समजून तो त्याच्याकडे धावला. तीनदा. हाक कोणाची हे ओळखायला तो चुकला, धावायला नाही. मला मात्र देवाचा निरोप घेऊन आलेल्या चौथ्या हाकेपेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ मोठी वाटते. एलीच्या घराण्यावर येणाऱ्या शिक्षेचा निरोप पोटात, तो सांगायची भीती, आणि तरी पोरानं उठून मंदिराची दारं उघडली. रोजचं काम!

पुढे सहाव्या शतकात संत बेनेडिक्टच्या मठ-नियमांची सुरुवातच ‘ऐक’ या शब्दानं झाली. सतराव्या शतकात पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात भांडी घासताना देवाचं सान्निध्य अनुभवत असे. 1728 पासून जर्मनीतल्या मोरावियन या प्रोटेस्टंट मंडळीनं रोज सकाळी एक वचन घेऊन दिवसाला लागायची प्रथा पाडली. आपल्याकडच्या ‘आजचं वचन’चं नातं तिच्याशी लागतं.

मराठी नवा करार विल्यम केरी या मिशनऱ्याच्या बंगालमधल्या सेरामपूरहून 1811 मध्ये छापून आला. इंदुरात कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं 1877 मध्ये, आणि दहा वर्षांनी ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. पण मराठी घरांत आज्ञापालनाचं उदाहरण म्हणून नाव निघतं ते कवी ना. वा. टिळकांचं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार दुरावलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं नंतरचं पाऊल फारसं सांगितलं जात नाही. 1917 मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. पुढची जेमतेम दोन वर्षंच हातात होती. 1919 मध्ये ते गेले.