कॉलेज बास्केटबॉलचे दोन बायआउट: कोचला काढण्याचे पैसे आणि कोच निघून गेल्याचे पैसे

२०२४ च्या २१ मार्चला केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ एनसीएए या अमेरिकन कॉलेज क्रीडासंस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात ओकलंडकडून ८०-७६ असा हरला. ओकलंड म्हणजे मिशिगनमधलं, बास्केटबॉलमध्ये फारसं नाव नसलेलं विद्यापीठ, मानांकन सोळांपैकी चौदावं. त्यांच्या जॅक गोल्कीने एकट्याने दहा थ्री-पॉइंटर टाकले. दोन वर्षांपूर्वी पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सनेही केंटकीला पहिल्याच सामन्यात घरी धाडलं होतं. आठ राष्ट्रीय विजेतेपदं नावावर असलेल्या विद्यापीठाच्या चाहत्यांना हे पचणं शक्यच नव्हतं. कोच जॉन कॅलिपारींना काढा, ही ओरड सुरू झाली आणि तिच्यावर उत्तरही तयार होतं: काढणार कसं, ३३ मिलियन डॉलरचा बायआउट आहे, म्हणजे करार मुदतीआधी मोडला तर द्यायची रक्कम!

पाच दिवसांत क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी कॅलिपारी पुढच्या वर्षीही राहणार असं जाहीर केलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिपारी स्वतःच उठून आर्कन्सॉ विद्यापीठात गेले. मग ते ३ कोटी ३० लाख डॉलर कोणी भरले? कोणीच नाही. ते देण्याची वेळच आली नाही, कारण ती रक्कम केंटकीने त्यांना काढलं असतं तर लागू होणार होती. ते आपण होऊन गेले आणि तो आकडा कागदावरच राहिला.

कोचबद्दलच्या वादात सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथे. बायआउट म्हणून जे बोललं जातं त्या एकाच करारातल्या दोन वेगळ्या तरतुदी असतात. एकीत विद्यापीठ कोचला पैसे देतं, दुसरीत कोच विद्यापीठाला. आपण सोयीसाठी पहिलीला काढण्याचा बायआउट म्हणू, दुसरीला जाण्याचा बायआउट. दोन्ही रकमा स्वतंत्र ठरतात आणि बहुतेक करारांत वर्षागणिक कमी होत जातात, पण त्या एकमेकींशी जुळतीलच असं नाही. एक डोंगराएवढी आणि दुसरी नावापुरती, असंही असू शकतं. ते ठरतं करार करताना कोणाची गरज जास्त होती यावर.

जाण्याचा बायआउट पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांना समजावून सांगायला नको. नोटीस पिरियड पूर्ण न करता निघालात तर उरलेल्या दिवसांचे पैसे जुन्या कंपनीला भरावे लागतात आणि नवी कंपनी घाईत असेल तर ती ते भरून देते. कॉलेज कोचचंही तसंच. कागदावर देणं कोचचं असतं, पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा नवं विद्यापीठ भरतं. त्यातही एक मेख आहे: नव्या विद्यापीठाने भरलेली रक्कम अमेरिकन करखात्याच्या लेखी कोचचं उत्पन्न ठरते, म्हणून कोचचा एजंट त्यावरचा करसुद्धा नव्या मालकाकडून वसूल करू पाहतो. साम्य तेवढंच. हिंजवडीत कोणाला कामावरून कमी केलं तर पुढच्या पाच वर्षांचा पगार हातात पडत नाही. कॉलेज कोचला पडतो.

कॅलिपारींचा तो आकडा आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलएने त्यांना बोलावून पाहिलं. केंटकी घाबरली आणि दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. त्याला सगळे 'आजीवन करार' म्हणत. भीती होती ती कॅलिपारी निघून जातील याची आणि औषध दिलं ते त्यांना काढता येणार नाही असं. माझ्या मते संचालक लोक या खेळात हमखास फसतात ते इथेच. कोच जाऊ नये म्हणून त्याला खुर्चीची हमी द्यायची, आणि पाच वर्षांनी कळतं की त्या हमीने पाय बांधले गेलेत ते आपलेच. कोचला दार उघडंच असतं. अर्थात यात चाहतेही निर्दोष नाहीत. एक चांगला हंगाम गेला की 'याला आयुष्यभराचा करार द्या' म्हणून गळा काढणारे हेच लोक असतात.

जाण्याचा बायआउट खरोखर किती चावतो याचं माझ्या आवडीचं उदाहरण मोठ्या विद्यापीठाचं नाही. ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठाचे कोच जीनो फोर्ड. २०१० मध्ये त्यांचा करार वाढवून वर्षाला ३ लाख डॉलर पगार ठरला. वर्षभरात, २०११ मध्ये, ते इलिनॉयच्या ब्रॅडली विद्यापीठात गेले. कराराची चार वर्षं शिल्लक होती आणि मुदतीआधी सोडल्यास उरलेल्या वर्षांचा पगार विद्यापीठाला द्यायचा, असं कलम होतं. चार गुणिले तीन लाख, म्हणजे १२ लाख डॉलर. केंट स्टेटने कोर्ट गाठलं. फोर्ड यांची बाजू अशी की ही भरपाई नसून दंड आहे. विद्यापीठाने नवा कोच नेमलाच की, मग नुकसान कसलं? कोर्टाने ते मानलं नाही. कोच अचानक गेला की नवे खेळाडू मिळवणं, तिकीटविक्री, देणगीदारांचा विश्वास, सगळंच डळमळतं आणि हे नुकसान नेमकं मोजता येत नाही, म्हणूनच तर आधी आकडा ठरवून ठेवतात. २०१५ च्या जानेवारीत अपील कोर्टानेही १२ लाखांवर शिक्कामोर्तब केलं. त्याच मार्चमध्ये ब्रॅडलीने फोर्डना काढून टाकलं. माणसाचं नशीब म्हणतात ते असं.

प्रत्येक वेळी कोर्टापर्यंत जात नाही. कोच जॉन बिलाइन २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले तेव्हा करारात २५ लाख डॉलर लिहिले होते. बोलणी होऊन १५ लाखांवर मिटलं. म्हणजे छापलेला आकडा हाच अंतिम आकडा असं समजू नये.

मोठ्या विद्यापीठांच्या बाबतीत जाण्याच्या बायआउटला चाहते फार महत्त्व देतात, असं मला वाटतं. 'त्याचा बायआउट मोठा आहे, तो आपल्याकडे येणार नाही' हे वाक्य दर एप्रिलमध्ये ऐकू येतं. केंटकी, इंडियाना, नॉर्थ कॅरोलायना यांच्या पातळीवर काही लाख डॉलर हा अडसर नसतो. एका फोनवर ते उभे करणारे देणगीदार त्यांच्याकडे आहेत. तो अडसर ठरतो मधल्या फळीतल्या विद्यापीठांना. आणि जुन्या विद्यापीठाला त्याचा खरा उपयोग म्हणजे कोच गेल्यावर हातात चार पैसे येतात, नवा माणूस शोधायला. कोचला डांबून ठेवायला ते कलम क्वचितच पुरतं.

काढण्याच्या बायआउटचं तसं नाही. तिथे गोष्टी खऱ्या अर्थाने अडतात. इंडियानाने २०२१ च्या मार्चमध्ये आर्ची मिलर यांना काढलं तेव्हा देणं १ कोटी डॉलरच्या वर होतं. करोनाचं वर्ष, स्टेडियम रिकामी, विद्यापीठाच्या तिजोरीला हात लावला असता तर बोंब झाली असती. म्हणून ही रक्कम खासगी देणग्यांतून येईल असं विद्यापीठाने मुद्दाम जाहीर केलं. सरकारी विद्यापीठाचा कोच जाणार की राहणार हे मग व्यवहारात दोन-चार श्रीमंत माजी विद्यार्थ्यांच्या मर्जीवर येतं. चाहते क्रीडा संचालकाला शिव्या घालतात, पण निर्णयाची चावी अनेकदा भलत्याच खिशात असते.

या तरतुदीला एक पोटकलम असतं, त्याकडे लक्ष ठेवावं. काढलेल्या कोचने दुसरी नोकरी शोधली पाहिजे आणि तिथला पगार बायआउटमधून वजा होईल, अशी अट अनेक करारांत असते. ती नसली की काय होतं ते टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये पाहिलं. तिथला मामला अमेरिकन फुटबॉलचा होता, पण कायदा तोच. जिम्बो फिशर यांना काढल्यावर साडेसात कोटींहून जास्त डॉलर देणं निघालं आणि ते दुसरीकडे कितीही कमावोत, एक सेंट वजा होणार नव्हता.

आणि मग ते शब्द, ज्यांच्यावर वकिलांची पोटं भरतात: सबळ कारणासाठी. गैरवर्तन किंवा एनसीएएच्या नियमांचा भंग असं कारण दाखवता आलं तर काढण्याचा बायआउट शून्य होतो. साहजिकच मोठं देणं समोर दिसलं की कारण शोधायचा मोह होतो. कनेटिकट विद्यापीठाने २०१८ मध्ये केव्हिन ऑली यांना असंच घालवलं. ऑली तिथलेच माजी खेळाडू, २०१४ चं राष्ट्रीय विजेतेपद त्यांच्याच हाताखाली आलेलं. पण शेवटचे दोन हंगाम पराभवांचे गेले आणि एनसीएएची चौकशीही सुरू होती. विद्यापीठ म्हणालं, सबळ कारण आहे, उरलेले पैसे मिळणार नाहीत. ऑलींच्या मदतीला आली ती प्राध्यापकांची युनियन! कनेटिकटचे कोच तिच्या करारात मोडत होते आणि त्या करारातलं संरक्षण त्यांनाही लागू होतं. २०२२ च्या जानेवारीत लवादाने ऑलींना १ कोटी ११ लाख डॉलर द्यायला लावले. तोवर त्यांच्या जागी आलेले डॅन हर्ली चार वर्षं पगार घेत होते. २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं हर्लींनी जिंकून दिल्यावर हे कोटभर डॉलर कोणाच्या लक्षातही राहिले नाहीत.

उलट निकालही लागतो. लुईव्हिल विद्यापीठाने २०१७ मध्ये कोच रिक पिटिनोंना काढलं तेव्हा त्यांनी ३ कोटी ८७ लाख डॉलरचा दावा ठोकला. २०१९ मध्ये तडजोड झाली, पैसे मिळाले शून्य. फक्त नोंदीत 'काढलं' ऐवजी 'राजीनामा' असं लिहिलं गेलं.

केंटकीचीही जुनी जखम आहेच. २००७ मध्ये त्यांनी बिली गिलिस्पींना आणलं, पण सविस्तर करारावर सह्या कधी झाल्याच नाहीत. सगळं एका प्राथमिक सामंजस्य कागदावर चाललं होतं. दोन हंगामांनी त्यांना काढलं तेव्हा विद्यापीठ म्हणालं, करारच नाही तर बायआउट कसला? गिलिस्पींनी ६० लाखांचा दावा लावला आणि प्रकरण जवळपास ३० लाखांवर मिटलं. म्हणून एखाद्या नव्या कोचची नेमणूक जाहीर होते तेव्हा पत्रकार परिषदेतलं भाषण बाजूला ठेवून मी पाहतो की सही कशावर झाली आहे. पहिले काही आठवडे बऱ्याचदा असा दोन पानी कागदच असतो आणि बायआउटची बारीक कलमं नंतर येतात.

कॅलिपारींनंतर केंटकीत जो वाद पेटला त्यात दोन्ही आकडे मिसळले गेले नसते तरच नवल. हर्ली हवेत, बेलर विद्यापीठाचे स्कॉट ड्र्यू हवेत, अशी मागणी होती. ड्र्यूंनी बेलरलाच राहतो म्हणून कळवलं आणि १२ एप्रिलला नाव आलं मार्क पोप यांचं. १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे ते कॅप्टन, पण मुख्य कोच म्हणून एनसीएए स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकलेला नव्हता. पहिल्या दिवशी निराशेचा सूर होता. दोनच दिवसांनी स्वागताला केंटकीचं घरचं मैदान, रप अरेना, खचाखच भरलं. पाच वर्षांचा, २ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला. वर्षाचा हिशेब लावला तर कॅलिपारींच्या आजीवन करारापेक्षा बराच स्वस्त.

इथे एक गोष्ट वादात कोणी फारशी लक्षात घेत नाही. केंटकी सरकारी विद्यापीठ आहे, त्यामुळे माहितीच्या कायद्याखाली तिथल्या कोचचा करार मागता येतो. कॅलिपारींच्या ३३ मिलियनवर सगळे छातीठोकपणे बोलत होते ते त्यामुळेच. ड्र्यूंचं बेलर आणि पोप जिथून आले ते ब्रिगहॅम यंग ही दोन्ही खासगी विद्यापीठं, त्यांना हा कायदा लागू नाही आणि करार दाखवायची सक्तीही नाही. तेव्हा खासगी विद्यापीठातल्या कोचला सोडवून आणायला इतके लाख लागतील, असं कोणी ठासून सांगू लागलं की आधी विचारावं, करार तू पाहिलास का?