आयजीएमपी स्नूपिंग, बिनतारी व्हीलॅनवरील

आयजीएमपी स्नूपिंग, बिनतारी व्हीलॅनवरील : मल्टिकास्ट गटात (एकच प्रवाह एकाच वेळी मिळणाऱ्या अनेक यंत्रांच्या गटात) सामील होताना यंत्रे राउटरसाठी जे आयजीएमपी (इंटरनेट ग्रुप मॅनेजमेंट प्रोटोकॉल) संदेश पाठवतात, त्यांचा वाटेतच कानोसा घेऊन कोणत्या पोर्टपलीकडे त्या गटाचे ग्राहक आहेत हे स्विचने वा ॲक्सेस पॉइंटने (वायफाय देणाऱ्या यंत्राने) ताडण्याची आणि गटाची रहदारी तेवढ्याच दिशेने सोडण्याची पद्धत. व्हीलॅन म्हणजे एकाच जाळ्याचा आभासी, स्वतंत्र विभाग. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीवर हेच काम एमएलडी स्नूपिंग करते.

आयजीएमपीचा आरंभ सहसा ऑगस्ट १९८९ च्या आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित तांत्रिक दस्तऐवज) पासून धरतात. परंतु या नावाचा प्रोटोकॉल स्टीव्ह डीअरिंग यांच्या जुलै १९८६ च्या आरएफसी ९८८ मध्येही आहे. त्यातील संदेश पुढे बदलले, म्हणून त्याला ‘शून्यावी आवृत्ती’ म्हणून वेगळे काढण्याचा प्रघात पडला. तरी उगमवर्ष १९८६ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. स्नूपिंगची जन्मतारीख मात्र अशी काढता येत नाही. सामायिक केबलची जागा स्विचने घेतली तेव्हा, बहुधा १९९० च्या दशकात, उत्पादकांनी ते आपापल्या परीने आणले. मे २००६ चा आरएफसी ४५४१ हा दस्तऐवजही मानक नसून माहितीपर आहे. स्विच-उत्पादकांनी एका प्रश्नावलीला दिलेली उत्तरे त्यात जोडली आहेत. दुसऱ्या स्तरावरच्या (इथरनेट पत्त्यांवर चालणाऱ्या) स्विचने तिसऱ्या स्तराचा (आयपीचा) मजकूर वाचणे हा स्तरभंग होय, हा आक्षेप तात्त्विकदृष्ट्या खरा आहे. व्यवहारात तो मागे पडला.

पत्त्यांचा घोळ यापेक्षा जुना आहे. मल्टिकास्ट आयपी पत्त्याचे २८ बिट बदलते असतात, पण इथरनेट पत्त्यात त्यांपैकी २३ च उतरतात. पुरेसे इथरनेट पत्ते विकत घेण्याइतका पैसा नव्हता आणि घेतलेल्या एका संचाचाही अर्धाच भाग डीअरिंग यांच्या वाट्याला आला, अशी हकीकत सांगितली जाते. परिणाम असा, की ३२ आयपी गट एकाच इथरनेट पत्त्यावर येतात. २२४.१.१.१ आणि २३९.१२९.१.१ ही अशीच एक जोडी. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते स्विचने सर्वत्र पाठवायचे असतात. त्यामुळे इथरनेट पत्ता पाहून निवड करणाऱ्या स्विचवर २३९.०.०.५ सारखा, २२४.०.०.५ शी इथरनेट पत्ता जुळणारा खासगी गट निवडला, तर स्नूपिंग चालू असूनही त्याचा पूर येतो.

स्नूपिंगची नोंद व्हीलॅनगणिक वेगळी ठेवली जाते, म्हणून प्रत्येक व्हीलॅनमध्ये एक प्रश्नकर्ता, म्हणजे गटांत कोण आहे हे ठरावीक वेळाने विचारणारा क्वेरिअर, लागतो. तो नेमका राहून जातो. दर १२५ सेकंदांनी प्रश्न, उत्तराला १० सेकंद आणि एक उत्तर हुकण्याची मुभा, अशी मूळ मूल्ये धरली तर नोंद २६० सेकंद टिकते. व्हिडिओ सव्वाचार मिनिटे सुरळीत चालून अचानक थांबला आणि गटात पुन्हा सामील होताच तितकाच वेळ चालला, तर आधी क्वेरिअर शोधावा. लिनक्सच्या ब्रिजमध्ये (सॉफ्टवेअर-स्विचमध्ये) स्नूपिंग मुळात चालू व क्वेरिअर बंद असतो. व्हीलॅनवार स्नूपिंग तेथे ५.१५ या आवृत्तीत (२०२१) आले व तेही हाताने चालू करावे लागते.

बिनतारी भागात प्रश्न पोर्टचा नसून हवेतल्या वेळेचा असतो. मल्टिकास्ट फ्रेमला (हवेतून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) पोच नसते, ती हरवली तर पुन्हा जात नाही आणि सहसा मूलभूत संथ दराने, जुन्या २.४ गिगाहर्ट्‌झ जाळ्यात १ मेगाबिटनेही, जाते. एखादा ग्राहक वीजबचतीत झोपलेला असेल तर ती डीटीआयएम बीकनपर्यंत (झोपलेली यंत्रे ज्यासाठी जागी होतात त्या ठरावीक संकेतापर्यंत) अडकून राहते. म्हणून ॲक्सेस पॉइंटवर स्नूपिंगचा खरा उपयोग गटाचे सदस्य ओळखून प्रत्येकाला युनिकास्ट (त्या एकट्यासाठीची) प्रत देण्यासाठी होतो. सदस्य थोडे असतील तोवर हा सौदा फायद्याचा ठरतो.

एकाच नावाच्या बिनतारी जाळ्यात रेडियस सर्व्हर (ग्राहकांची ओळख तपासणारा सर्व्हर) ग्राहकांना निरनिराळ्या व्हीलॅनमध्ये टाकत असेल, तर प्रत्येक व्हीलॅनची गटकिल्ली (मल्टिकास्ट संदेश उलगडण्याची सामायिक किल्ली) वेगळी हवी. नाहीतर एका व्हीलॅनचे राउटर-संदेश दुसऱ्यातील यंत्रे वाचतात आणि भलताच आयपीव्ही६ पत्ता घेऊन बसतात. ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या स्विच-पोर्टवर ‘तत्काळ निर्गम’ची, म्हणजे गट सोडल्याचा संदेश येताच पोर्टचा प्रवाह थांबवण्याची, सोय बंद ठेवावी. त्या एका पोर्टमागे अनेक ग्राहक असतात आणि एकाने गट सोडला की सगळ्यांचा प्रवाह तुटतो. ग्राहक एका ॲक्सेस पॉइंटकडून दुसऱ्याकडे सरकला, तरी तो गटाची नोंदणी आपणहून पुन्हा करेलच असे नाही. कंट्रोलरने (ॲक्सेस पॉइंट सांभाळणाऱ्या यंत्राने) नवा प्रश्न धाडला नाही तर पुढच्या फेरीपर्यंत पडदा काळा राहतो.

टीव्ही वा प्रिंटर दुसऱ्या व्हीलॅनमधून दिसत नाही, ही तक्रार स्नूपिंगच्या कक्षेबाहेरची आहे. तो शोध २२४.०.०.२५१ वर चालतो आणि हा पत्ता राउटर ओलांडत नाही. त्यासाठी एमडीएनएस गेटवे, म्हणजे असे शोध-संदेश एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात पोचवणारे साधन, लागतो.