चेन सॉचा सायलेन्सर: साफ करणे वेगळे, मोकळा करणे वेगळे

मशीन रेस घेईना, की गावात सल्ला मिळतो, "सायलेन्सर खोल." या एका वाक्यात दोन पूर्णपणे वेगळी कामे दडली आहेत. एक म्हणजे साचलेली काजळी काढून सायलेन्सर मूळ स्थितीत आणणे. दुसरे म्हणजे भोक वाढवून मुळातच जास्त धूर जाऊ देणे. पहिल्यात कार्बोरेटरला, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, हात लावायची गरज नसते. दुसऱ्यात तो न लावला तर पिस्टन जातो.

कोणते काम हवे हे मशीनच्या वागण्यावरून कळते. आधी बाभळीचा बुंधा सहज कापणारी मशीन आता आयडलला नीट चालते, पण रेस दिली की गुदमरते, तापल्यावर आणखी मंदावते, तर बहुतेक जाळी बुजलेली असते. ही बारीक जाळी सायलेन्सरच्या तोंडाशी असते आणि ठिणग्या अडवते. ती काढून उजेडाकडे धरा. आरपार दिसले नाही, तर दुखणे सापडले. मात्र त्याआधी एअर फिल्टर आणि चेन पाहा. भुसा पिठासारखा पडत असेल तर चेन बोथट आहे, सायलेन्सरचा दोष नाही.

जाळी गॅसच्या ज्योतीवर लाल करून, थंड झाल्यावर तारेच्या ब्रशने घासली की काजळी झडते. फाटली असेल तर नवीनच बसवा. सायलेन्सर उतरवलाच आहे तर सिलिंडरचे धुराचे तोंडही बघा. स्टार्टरची दोरी हळू ओढून पिस्टनने ते तोंड झाका आणि काजळी लाकडी काडीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने पिस्टनवर ओरखडा पडतो. काजळी पुन्हा लवकर साचली तर पेट्रोलमध्ये मिसळायच्या तेलाचे प्रमाण तपासा. 1:50 म्हणजे लिटरला 20 मिली, 1:25 म्हणजे 40 मिली. कंपनीने 1:50 सांगितलेल्या मशीनमध्ये अंदाजाने दुप्पट तेल ओतले, किंवा टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) सोडून साधे इंजिन ऑइल घातले, की जाळी बुजणारच.

मोकळा करण्याचे काम याच्या उलट, धडधाकट मशीनवर करायचे असते. आवाज आणि धूर कमी ठेवण्यासाठी कंपनी सायलेन्सरचे तोंड अरुंद ठेवते, त्यामुळे जळालेला वायू पूर्ण बाहेर पडत नाही. तोंड वाढवले की सिलिंडरमध्ये ताजी हवा जास्त येते आणि जोर वाढतो. पण किती वाढवायचे? बाहेर जायच्या सगळ्या भोकांचे मिळून क्षेत्रफळ सिलिंडरच्या धुराच्या तोंडाच्या साधारण 70 ते 80 टक्के पुरे. समजा ते तोंड 20 बाय 14 मिमी, म्हणजे 280 चौरस मिमी आहे. सायलेन्सरला 10 मिमीचे एकच भोक असेल तर ते फक्त 78 चौरस मिमी भरते. शेजारी 12 मिमीचे एक भोक पाडले की 191 होतात, म्हणजे सुमारे 68 टक्के. इथेच थांबून मशीन चालवून पाहणे शहाणपणाचे. वाढवलेले भोक पुन्हा लहान करता येत नाही.

सायलेन्सर मशीनवरून काढूनच ड्रिल करा आणि आतला लोखंडी कीस एकूण एक झटकून काढा. तो सिलिंडरमध्ये गेला तर पिस्टन खरवडतो. नव्या भोकाचे तोंड हातापासून, प्लास्टिकपासून आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर ठेवा. त्यावरही जाळी हवीच. फेब्रुवारी ते जून गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाच्या जंगलात सागाचा पाला चुरचुरीत वाळलेला असतो आणि वणव्याला एक ठिणगी पुरते. धुऱ्यावरच्या वाळक्या गवताचेही तेच.

आता खरा धोका. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले, म्हणजे पेट्रोल कमी पडले. या इंजिनाचे तेल पेट्रोलमधूनच येते, त्यामुळे वंगणही घटते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. म्हणून मशीन गरम करून, पेट्रोल वाढवण्यासाठी कार्बोरेटरवरचा एच लिहिलेला स्क्रू घड्याळाच्या काट्यांविरुद्ध एका वेळी एक अष्टमांश फेरा उघडायचा. पूर्ण रेस हवेत दिली तर आवाज किंचित तुटक, घोगरा यावा आणि चेन लाकडात उतरताच तो सलग व्हावा. हवेतच तीक्ष्ण, किंचाळणारा आवाज आला तर लगेच रेस सोडा. स्क्रूवरची प्लास्टिकची टोपी फिरू देत नसेल, तर ट्युनिंगची सोय होईपर्यंत ड्रिल हातात घेऊ नका. सायलेन्सर मोकळा केला की वॉरंटी जाते. आवाजही वाढतो, म्हणून कानांवर आवाज अडवणारे मफ लावा.

मे महिन्यात 45 अंशांत लावलेला स्क्रू डिसेंबरच्या सकाळी पुन्हा तपासा. थंड हवा दाट असते, त्यामुळे त्याच सेटिंगवर पेट्रोल कमी पडते.