कुर्ट्झला जंगलाने बिघडवलं की मोकळ्या रानाने?

कॉनराडची 'हार्ट ऑफ डार्कनेस' वाचलेल्या कुणालाही विचारा की आफ्रिकेच्या जंगलात युरोपियन कंपनीसाठी हस्तिदंत गोळा करणारा कुर्ट्झ माणसांची मुंडकी खांबावर लावण्याइतका क्रूर का झाला, तर बहुतेक जण सांगतात, जंगलात एकटा पडला हो, डोकं फिरलं त्याचं. मीपण कॉलेजात हेच लिहून मार्क घेतलेत. परत वाचली तेव्हा कळलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकात घुसळतोय. एकटं पडणं वेगळं आणि मोकळं रान मिळणं वेगळं.

एकटं पडणं म्हणजे आपलं माणूस नाही, आपली भाषा नाही, ताप आला तर पाणी द्यायला कोणी नाही. मोकळं रान म्हणजे हातात बंदूक आहे आणि जाब विचारणारं कोणी नाही. कुर्ट्झकडे दोन्ही होतं म्हणून गोंधळ होतो.

आता त्याच कादंबरीतला तो ठिगळाठिगळांचे कपडे घालणारा रशियन पोरगा घ्या. जवळजवळ दोन वर्षं त्याच भागात एकटाच भटकत होता, कुर्ट्झइतकाच एकटा किंवा जास्तच, पण त्याने कुणाची मुंडकी खांबावर लावली नाहीत. उलट कुर्ट्झ आजारी पडला तेव्हा सेवा केली, तीही दोनदा. आणि कुर्ट्झ? थोडंसं हस्तिदंत होतं या पोराकडे, ते दे नाहीतर गोळी घालतो म्हणाला, का तर मनात आलं आणि मला अडवणारं इथे कोणी नाही म्हणून! आता यात एकटेपणा कुठे आला सांगा. तसाही तो एकटा नव्हताच, भोवती अख्खी टोळी होती, सरदार त्याच्यापुढे रांगत यायचे.

गंमत म्हणजे कादंबरीत ही गोष्ट सांगणारा मार्लो स्वतःच दोन्ही एका दमात बोलतो. बोटीवरच्या दोस्तांना म्हणतो, तुम्हाला काय कळणार, तुमच्या एका बाजूला खाटीक, दुसऱ्या बाजूला पोलीस, शेजारीपाजारी आहेतच, आणि तिकडे पोलिसाशिवायचा एकांत. शेजारी गेले की एकटेपणा, पोलीस गेला की मोकळं रान. आपण वाचताना एकांत तेवढा लक्षात ठेवतो आणि पोलीस विसरतो.

कादंबरीबाहेर बघितलं तर अजून स्पष्ट होतं. कॉनराड 1890 मध्ये काँगोला गेला तेव्हा तो प्रदेश बेल्जियमच्या राजा लिओपोल्ड दुसऱ्याची खाजगी मालमत्ता होता, 1885 ते 1908. लिओपोल्ड तिथे एकदाही गेला नाही. राजवाड्यात, माणसांच्या गराड्यात बसून त्याने हस्तिदंत आणि रबर ओरबाडलं. त्याला कुठलं जंगल लागलं होतं?

म्हणूनच 'जंगलाने बिघडवलं' हे वाक्य मला खटकतं, त्यात दोष आफ्रिकेवर जातो आणि कंपनी नामानिराळी राहते. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबेने 1975 च्या भाषणात कॉनराडला याच अंगाने झोडपलं होतं, की एका युरोपियनचं डोकं फिरलं हे दाखवायला अख्खा खंड नेपथ्य म्हणून वापरला. मला ते बरंचसं पटतं, पण कंपनीच्या मॅनेजरचा प्रसंग वाचला की कॉनराड इतका भोळाही वाटत नाही. कुर्ट्झची 'पद्धत' चुकीची होती अशी तक्रार मॅनेजर करतो, आणि कारण काय तर त्या भागातला धंदा काही काळ बसला. हस्तिदंत मात्र भरपूर आहे, ते वाचवायलाच हवं म्हणतो.