‘चॅप्टर बत्तीस’ : विमान-देखभालीच्या मॅन्युअलमागचा इतिहास

विमानाची चाके, ब्रेक, चाके आत ओढून घेणारी यंत्रणा यांपैकी कशाविषयीही बोलायचे असले, तरी हँगरमधला मेकॅनिक ‘चॅप्टर बत्तीस’ एवढेच म्हणतो. इंधन म्हणजे अठ्ठावीस, हायड्रॉलिक एकोणतीस, दारे बावन्न, खिडक्या छप्पन्न आणि इंजिन बहात्तर. विमान बोइंगचे असो वा एअरबसचे, काम नागपूरच्या मिहानमधील देखभाल केंद्रात चाललेले असो वा हॅम्बुर्गमध्ये, हे आकडे बदलत नाहीत. परवान्यासाठी अभ्यास करणारी मुले ते पाढ्यांसारखे पाठ करतात आणि पुढे नोकरीत इतके सरावतात, की हे आकडे कोणीतरी एकदा बसून ठरवले असतील याचा विसर पडतो. ते ठरवणारा दस्तऐवज 1 जून 1956 रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्याचे नाव ‘एटीए स्पेसिफिकेशन 100’.

एटीए म्हणजे एअर ट्रान्सपोर्ट असोसिएशन ही 1936 मध्ये स्थापन झालेली अमेरिकी विमान कंपन्यांची संघटना. ती विमाने बांधणाऱ्यांची नव्हती, विकत घेऊन चालवणाऱ्यांची होती, आणि या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट माझ्या मते हीच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात एकेका विमान कंपनीच्या ताफ्यात डग्लस, लॉकहीड, कॉन्वेअर अशा निरनिराळ्या कारखान्यांची विमाने शेजारी शेजारी उभी असत. प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने मॅन्युअल लिही. प्रकरणांचा क्रम वेगळा, भागांची वर्गवारी वेगळी, एकाच वस्तूला दिलेली नावेही वेगळी. लिहिणाऱ्याला यात काहीच अडचण नव्हती, कारण त्याच्यापुढे एकच विमान होते. अडचण होती ती रात्रपाळीत आज एका बनावटीच्या आणि उद्या दुसऱ्या बनावटीच्या विमानावर काम करणाऱ्या माणसाची. त्याला मजकूर समजत नव्हता असे नाही, तो कुठे आहे हे शोधण्यातच त्याचा वेळ जात होता. विमान जमिनीवर उभे असताना कमाई होत नाही, त्यामुळे हा वेळ कंपन्यांच्या हिशेबात थेट खर्च म्हणून दिसत होता.

स्पेसिफिकेशन 100 ने मजकूर कसा लिहावा यापेक्षा तो कुठे ठेवावा हे आधी ठरवून टाकले. क्रमांकाचे तीन भाग असतात : पहिला यंत्रणेचा, दुसरा उपयंत्रणेचा आणि तिसरा त्यातल्या नेमक्या घटकाचा. 32-40 असे दिसले, की ते चाके आणि ब्रेक यांविषयीचे आहे हे पान न उघडताही कळते. याहून चतुर योजना पानांच्या क्रमांकांची होती. देखभालीच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक विषयाची पाने 1 पासून सरळ पुढे मोजली जात नाहीत, ती गटांत विभागलेली असतात. 1 ते 99 या पानांवर यंत्रणेचे वर्णन, 101 पासून दोषशोधन, 301 पासून तेल-पाणी-हवा भरण्यासारखी नित्याची सेवा, 401 पासून भाग काढणे आणि बसवणे, 501 पासून जुळवणी आणि चाचणी, 601 पासून तपासणी. वर्णन तीन पानांत संपले, तर पुढचे पान 4 न येता थेट 101 किंवा 401 येते. नवख्या वाचकाला मधली पाने गहाळ झाल्यासारखे वाटते. सरावलेला माणूस मात्र ब्रेक उतरवायचा असेल तर बत्तीसावे प्रकरण उघडून चारशेच्या पुढची पाने गाठतो आणि अनुक्रमणिकेकडे बघतही नाही. त्या काळी मॅन्युअले सुट्या पानांची, कड्यांच्या फायलींत अडकवलेली असत. एका विषयात पान वाढले तरी इतर सगळ्या पानांचे क्रमांक बदलावे लागू नयेत, हाही फायदा या रचनेत होताच.

क्रमांकाचा प्रश्न असा सुटला, तरी भाषेचा प्रश्न पुढची वीस-पंचवीस वर्षे तसाच राहिला. विमानाची कागदपत्रे इंग्रजीत लिहिली जात आणि वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसे. 1970 च्या दशकात विमाने जशी गुंतागुंतीची होत गेली, तशी मॅन्युअलमधली वाक्येही लांबत गेली. एका वाक्यात तीन आज्ञा, दोन अटी आणि शेवटी एक अपवाद अशी रचना सर्रास आढळे. दशकाच्या अखेरीस युरोपातील विमान कंपन्यांच्या संघटनेने विमान-उद्योगाच्या ‘एक्मा’ या युरोपीय संघटनेकडे हा विषय नेला आणि देखभालीची कागदपत्रे वाचनीय कशी करता येतील, याचा अभ्यास करण्यास सांगितले. याही वेळी मागणी वाचणाऱ्यांच्या बाजूने आली. अमेरिकी विमान-उद्योगाची संघटनाही या कामात सामील झाली, 1983 मध्ये कार्यगट स्थापन झाला आणि 1986 मध्ये ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ची पहिली मार्गदर्शिका निघाली.

मर्यादित शब्दांची इंग्रजी ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. सी. के. ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांची ‘बेसिक इंग्लिश’ मांडली होती. 1970 च्या दशकात माती उपसणारी अवजड यंत्रे बनवणाऱ्या कॅटरपिलर कंपनीने जवळपास तेवढ्याच शब्दांत आपली मॅन्युअले लिहून पाहिली होती. तो प्रयोग त्या स्वरूपात फार काळ टिकला नाही. विमान-उद्योगाच्या कार्यगटाने असे पूर्वीचे प्रयत्न अभ्यासले आणि शब्दसंख्या कमी करण्याबरोबर आणखी एका गोष्टीवर भर दिला : प्रत्येक शब्दाला शक्यतो एकच अर्थ आणि व्याकरणातली एकच जागा.

उदाहरणार्थ, ‘क्लोज’ हा शब्द केवळ ‘बंद करणे’ या क्रियेसाठी वापरायचा, ‘जवळ’ या अर्थाने नाही. त्यासाठी ‘निअर’ आहे. ‘फॉल’ म्हणजे वरून खाली पडणे. दाब किंवा तापमान ‘फॉल’ होत नाही, ते ‘डिक्रीज’ होते. ‘फॉलो’ म्हणजे एकामागून दुसरे येणे, सूचना मात्र ‘ओबे’ करायच्या. ‘टेस्ट’ हे केवळ नाम असल्यामुळे ‘टेस्ट द सिस्टिम’ असे लिहिता येत नाही, ‘डू अ टेस्ट’ असे लिहावे लागते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या लेखकांना ही रचना बोजड वाटते आणि त्यांची कुरकुर आजही ऐकू येते. मराठी माणसाला तिच्यात काही वावगे दिसणार नाही, कारण आपण मुळातच ‘चाचणी करा’, ‘तपासणी करा’ असे नामाला क्रियापद जोडून बोलतो. सूचनेत अट असेल तर ती आज्ञेच्या आधी लिहावी, हा नियमही ‘जर-तर’च्या सवयीमुळे आपल्याला ओळखीचाच वाटतो. बाकीचे नियम मोजमापाचे आहेत. कृती सांगणारे वाक्य 20 शब्दांपेक्षा आणि वर्णनाचे वाक्य 25 शब्दांपेक्षा मोठे नसावे, एका वाक्यात एकच सूचना असावी, एकापुढे एक जोडलेल्या नामांची माळ तिनापेक्षा लांबू नये, परिच्छेदात सहापेक्षा अधिक वाक्ये नसावीत. काटकसर म्हणून ‘द’, ‘अ’ यांसारखे छोटे शब्द गाळण्यासही मनाई आहे. तारेच्या भाषेत लिहिलेले वाक्य छोटे दिसते खरे, पण त्यातले नाम कोणते आणि क्रियापद कोणते हे परक्या वाचकाला कळेनासे होते.

आपल्याकडे तांत्रिक भाषेचे प्रमाणीकरण म्हटले, की परिभाषा कोश डोळ्यांसमोर येतात. 1960 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे असे कोश काढले आहेत आणि त्यांतले काम मुख्यतः नामांचे, म्हणजे संज्ञांचे आहे. विमान-उद्योगाच्या या मानकातला शब्दकोश नेमका उलट्या दिशेने गेला. त्यातल्या मान्य शब्दांची संख्या नऊशेच्या आसपास आहे आणि ते बहुतांशी रोजच्या वापरातले आहेत. भागांची आणि यंत्रणांची तांत्रिक नावे या कोशात दिलेलीच नाहीत. कोणत्या प्रकारची नावे चालतील त्याचे वर्ग ठरवून देऊन ती निवड प्रत्येक उद्योगावर सोपवली आहे. ‘हायड्रॉलिक अॅक्च्युएटर’ कोणाला अडत नव्हता, कारण ती वस्तू मेकॅनिकच्या समोर असते. तो अडखळत होता ‘क्लोज’ आणि ‘फॉलो’ यांसारख्या साध्या दिसणाऱ्या शब्दांशी. मानक करणाऱ्यांनी हे ओळखले, ही मला या कामातली सर्वांत मोठी सूझ वाटते.

मानके एकाहून अधिक झाली, की त्यांच्या सीमेवर नवा गोंधळ निर्माण होतो, याचे उदाहरण इशाऱ्याच्या शब्दांत सापडते. विमानाच्या कागदपत्रांत ‘वॉर्निंग’ म्हणजे माणसाला इजा होण्याचा किंवा जीव जाण्याचा धोका आणि ‘कॉशन’ म्हणजे यंत्राचे नुकसान होण्याचा धोका. 1991 मध्ये निघालेल्या अमेरिकी ‘अॅन्सी झेड 535’ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकमालिकेत पायऱ्या वेगळ्या आहेत : ‘डेंजर’, ‘वॉर्निंग’ आणि ‘कॉशन’ या तिन्ही माणसाच्या इजेशी संबंधित, उतरत्या तीव्रतेच्या, आणि मालमत्तेच्या नुकसानासाठी ‘नोटिस’ हा स्वतंत्र शब्द. म्हणजे हँगरमधल्या एखाद्या कॉम्प्रेसरवर चिकटवलेला ‘कॉशन’ आणि त्याच हँगरमधल्या विमानाच्या मॅन्युअलमधला ‘कॉशन’ यांचा अर्थ एक नसू शकतो. दोन्ही मानके आपापल्या जागी सुसंगत असल्यामुळे कोणी कोणासाठी बदलायचे, हा प्रश्न सहज सुटणारा नाही.

यानंतरचा टप्पा संगणकाचा. आयबीएममध्ये गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी 1969 मध्ये ‘जीएमएल’ ही मजकुराला खुणा करण्याची भाषा तयार केली. या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरे जुळवूनच ते नाव बनते. तिच्यातूनच ‘एसजीएमएल’ पुढे आली आणि 1986 मध्ये ‘आयएसओ 8879’ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाली. शीर्षक मोठ्या अक्षरात छापा असे सांगण्याऐवजी हे शीर्षक आहे एवढेच सांगायचे आणि छपाईचे नंतर बघायचे, हे तिचे तत्त्व. देखभालीच्या मॅन्युअलना ते फारच सोयीचे होते. युरोपात 1980 च्या दशकात, सुरुवातीला मुख्यतः लष्करी विमानांसाठी, ‘एस 1000 डी’ या मानकाचे काम सुरू झाले आणि 1989 मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. यात पुस्तक ही कल्पनाच बाजूला पडते. मजकूर ‘डेटा मॉड्यूल’ नावाच्या स्वतंत्र तुकड्यांत लिहिला जातो, प्रत्येक तुकड्याला संकेतांक असतो आणि तो सामाईक साठ्यात एकदाच ठेवला जातो. संकेतांकातला यंत्रणेचा भाग स्पेसिफिकेशन 100 च्या क्रमांकांना धरूनच आहे. शेवटी माहितीचा प्रकार सांगणारा आकडा येतो : 040 म्हणजे वर्णन, 520 म्हणजे काढणे, 720 म्हणजे बसवणे. चारशेच्या पानांची जुनी युक्तीच इथे नव्या रूपात आली आहे. एटीएनेही 2000 मध्ये आपली छापील आणि संगणकीय मानके एकत्र करून ‘आयस्पेक 2200’ प्रसिद्ध केले. ‘सिम्प्लिफाइड इंग्लिश’ 2005 मध्ये ‘एएसडी-एसटीई 100’ या नावाने रीतसर मानक झाली आणि तिची नववी आवृत्ती जानेवारी 2025 मध्ये आली.

या मानकांचा आवाका कुठे संपतो, ते 10 जून 1990 च्या एका उड्डाणावरून दिसते. ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून मालागाला निघाले होते. सुमारे 17,300 फूट उंचीवर कप्तानासमोरची काच निखळली आणि कप्तान टिम लँकेस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. सहकाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि विमानातील सर्व 87 जण वाचले. काच उड्डाणाच्या 27 तास आधी, रात्रपाळीत बदलली होती. तपासात आढळले, की काचेच्या 90 बोल्टपैकी 84 बोल्ट व्यासाने सुमारे 0.66 मिलिमीटर बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला कमी होते. हवे होते ‘8डी’ या क्रमांकाचे बोल्ट. आधीच्या काचेला बहुतांशी ‘7डी’ बसवलेले होते, म्हणजे तेही चुकीचेच, पण त्यांच्यावर काच टिकली होती. पाळीच्या प्रमुखाने जुन्या बोल्टचा नमुना हातात धरून नजरेने जुळवत नवे निवडले आणि मंद उजेडात हाती आले ‘8सी’, म्हणजे ते बारीक बोल्ट. भांडारातल्या माणसाने या काचेला ‘8डी’ लागतात असे बोलून दाखवले होते. सचित्र सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये बरोबर क्रमांक छापलेला होता. तो कॅटलॉग त्या रात्री पाहिला गेला नाही.

ब्रिटनच्या अपघात-तपास विभागाचा अहवाल 1992 मध्ये आला. तेव्हापासून देखभाल अभियंत्यांना ‘ह्यूमन फॅक्टर्स’, म्हणजे कामातले मानवी घटक, हा विषय शिकवताना ही घटना हमखास सांगितली जाते. भारतात डीजीसीए या नागरी विमान वाहतुकीच्या नियामक संस्थेच्या परवाना परीक्षेत हा विषय मॉड्यूल 9 म्हणून आहे आणि ‘चॅप्टर बत्तीस’ पाठ केलेल्या मुलांना त्यातही उत्तीर्ण व्हावे लागते.